रत्नागिरीचं कृषी प्रदर्शन: हापूसवाल्यांनी काय बघावं, काय विचारावं

मी, अण्णा आणि वहिनी असे तिघं रत्नागिरीचं कृषी प्रदर्शन बघून आलो. पुढच्या वेळी आपल्याकडचं कोण जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. नाटे-जैतापूर साइडचे असाल तर हायवेला चढूच नका, आडिवरे, कशेळी, गावखडी, मग पूर्णगडचा पूल आणि पावसवरून थेट रत्नागिरी. राजापूर-लांज्याकडून येणाऱ्यांना हायवेने हातखंब्यावरून येणंच बरं. आणि रविवार टाळा, सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा, कारण दुपारी गर्दी झाली की स्टॉलवरचा माणूस नुसतं पत्रक हातात कोंबतो, बोलायला त्याला वेळ नसतो.

आम्ही एकच विषय डोक्यात ठेवून गेलेलो, आंब्यावरचे फुलकिडे (थ्रिप्स). मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा कसाबसा आटोक्यात येतो हो, पण फुलकिडीने मोहोर करपवला आणि बारक्या कैरीची साल खरवडून तपकिरी केली की तो आंबा मार्केटला कोण विचारत नाही. अण्णांनी मोबाइलमध्ये गेल्या सीझनच्या कैऱ्यांचे फोटो ठेवलेले आणि वहिनीने कोवळी पालवी पिशवीत घट्ट बांधून घेतलेली. हे तुम्हीही करा, तोंडी सांगितलं तर प्रत्येक जण आपलंच औषध काढून दाखवतो, फोटो बघितला की जरा तरी विचार करून बोलतो.

औषधांच्या स्टॉलवर नीट वेळ द्या. एका रांगेत तीन वेगवेगळ्या कंपन्या, तीन रंगांची खोकी, आणि तिन्हीकडे सांगत होते आमचं नवीन आहे. बाटल्या फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हीवर एकच कीटकनाशक, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल (पाण्यात मिसळायचं द्रावण)! म्हणजे आपण ब्रँड बदलून तीन फवारण्या करतो आणि किडीला मात्र तेच औषध परत परत मिळतं, मग ती दाद देईनाशी होते. इमिडाक्लोप्रिडनंतर थायमिथोक्झाम मारलं तरी दोन्ही एकाच गटातली, म्हणजे किडीला एकाच पद्धतीने मारणारी, त्यालाही औषध बदललं असं म्हणता येत नाही. त्यामुळे नाव सोडा, आतला घटक कुठला आणि गट कुठला ते विचारा, आणि लेबलवर आंबा हे पीक आणि आपली कीड छापलीय का बघा. एका ठिकाणी तुडतुड्याची शिफारस असलेलं औषध आम्हाला फुलकिडीवर देत होते, वहिनीने सोबतचं माहितीपत्रक उघडायला लावलं तेव्हा कुठे गप्प बसले. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारायचं नाही हे पण तिथे कोण आपणहून सांगत नाही, मधमाश्या आणि माश्या मेल्या तर फळ धरणार कुठून? सगळ्या किडींवर आणि सगळ्या रोगांवर चालतं अशी "जैविक" बाटली कोण दाखवत असेल तर केंद्रीय नोंदणी क्रमांक विचारा. नसेल तर पुढे चला.

ड्रोनचा डेमो सपाट मैदानात होता, दहा लिटरची टाकी, बघायला झकास. अण्णांनी विचारलं, आमची कलमं जुनी, पंचवीस-तीस फूट, तीपण उतारावर, पानाच्या खाली आणि खोडाच्या सालीत बसलेल्या तुडतुड्यापर्यंत हे पाणी पोचेल का? डेमोवाल्याला उत्तर देता आलं नाही. माझं मत सांगतो, मोठ्या मळ्यातल्या भाताला ड्रोन चालेल, लहान लागवडीच्या कलमांवर करून बघायला हरकत नाही, पण जुन्या हापूसला अजून तरी एचटीपी पंप (जोराच्या दाबाने फवारणारा) आणि लांब पाइपच. तोही झाडाच्या आतून मारणारा गडी असेल तर.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा स्टॉल चुकवू नका. तिथे फळमाशीचा रक्षक सापळा हातात घेऊन बघता येतो, आत मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला ठोकळा असतो आणि त्याच्या वासाने नर माश्या आत येऊन मरतात. फक्त नर, हे लक्षात ठेवा, म्हणून सापळे लावले तरी खाली पडलेली फळं रोज गोळा करून नष्ट करावीच लागतात, कारण अळी फळातून निघून मातीतच कोष करते. हेक्टरी चार सापळे, आणि शेजारच्यांनीही लावले तर खरा फायदा. २०१४ ला युरोपने याच माशीपायी आपला हापूस बंद केलेला, त्याची झळ ज्यांना बसली त्यांना वेगळं सांगायला नको. कागदी पिशव्याही तिथे बघितल्या. कैरी अंड्याएवढी झाली की बांधायच्या, माशी लागत नाही आणि रंगही एकसारखा येतो. सगळ्या झाडाला शक्य नाही, पण हात पोचेल त्या फांद्यांना वहिनी आणि बायका यंदा बांधून बघणार आहेत.

सौर कुंपणाकडे, म्हणजे सोलरवर चालणाऱ्या झटका देणाऱ्या तारांच्या कुंपणाकडे, खूप गर्दी होती, रानडुकरांनी आणि माकडांनी सगळ्यांनाच रडवलंय. विकणारा सांगत नाही अशा दोन गोष्टी. एक, माकड फांदीवरून उडी मारून येतं, त्यामुळे कुंपणावर येणाऱ्या फांद्या छाटल्याशिवाय माकडासाठी पैसे घालू नका, डुकराला ते चालतं. दुसरं म्हणजे अर्थिंग. आपला कातळ मार्च-एप्रिलला कोरडा ठाक होतो, तिथे अर्थिंगचा रॉड ठोकून काही उपयोग नाही, झटकाच बसत नाही. विहिरीजवळ किंवा ओलाव्याच्या जागी अर्थिंग घ्या, नाहीतर कुंपणातच एक तार करंटची आणि एक अर्थची अशी आलटून पालटून ओढून द्या म्हणावं. आणि घरच्या लाइनीवरून सरळ तार कोणी जोडू नका हो, माणसं मेलीत त्याने.

ब्रश कटर, पॉवर टिलर, पंप यातलं काही आवडलं तरी तिथल्या तिथे ॲडव्हान्स देऊ नका, स्टॉलवाले "आजच ऑफर" म्हणून मागे लागतात. अनुदान हवं असेल तर आधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, त्याला आता फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच्या तारखेचं जीएसटी बिल. आधी घेतलेल्या मशीनचं बिल धरत नाहीत. कोटेशन मात्र तिथेच लिहून घ्या, मॉडेल नंबरसकट, आणि स्पेअर पार्ट राजापुरात मिळतो की कोल्हापूरला पळावं लागतं ते पण विचारून ठेवा.