फुगा

"फक्त गिळायचं," डॉक्टर म्हणाले आणि शेपटीसारखी बारीक नळी जोडलेली कॅप्सूल वजन कमी करायला आलेल्या ताईच्या हातावर ठेवली.

दोनदा ठसका लागला, तिसऱ्यांदा गेली. मग एक्स-रे, मग नळीतून साधारण 550 मिली पाणी आत. पोटात चक्क फुगा! नळी ओढून घेतली, झालं. भूल नाही, टाका नाही. साधारण 16 आठवड्यांनी झडप आपोआप उघडणार, पाणी वाहून जाणार, रिकामा फुगा शौचावाटे बाहेर.

रात्रभर ओकत होती बिचारी. मधेच तोंड पुसत म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. म्हणतील, शॉर्टकट मारला."

पोटात पेटके येतायत, आणि हिला काळजी लोकांची! चष्मा लावणाऱ्याला कुणी असं म्हणतं का हो?

(हे तिला विचारूनच लिहितेय. "नाव टाकू नकोस," एवढंच म्हणाली.)