पाण्याच्या नळीकडून पंख्याकडे : आमची वाटचाल

पहिलं काम आलं ते गळतीमुळे. एका प्रयोगशाळेतल्या जुन्या सेल सॉर्टरचा, म्हणजे पेशी निवडून वेगळ्या करणाऱ्या यंत्राचा, आर्गॉन लेझर पाण्यावर थंड होणारा होता. थ्री-फेज वीज, पंप, फिल्टर आणि भिंतीलगत धावणाऱ्या दोन जाड नळ्या. एका रात्री नळीचा जोड सुटला आणि सकाळी खोलीभर पाणी झालं. सॉर्टर वाचला. तिथल्या मुख्य तंत्रज्ञ मॅडमनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाल्या, "हा काढून हवेवर थंड होणारा लेझर बसवून द्या. पण माझ्या फिकट चमकणाऱ्या पेशी मला आजच्यासारख्याच वेगळ्या दिसल्या पाहिजेत." आमचा पुढचा सगळा व्यवसाय त्यांच्या या दुसऱ्या वाक्यावर उभा राहिला.

तोवर आम्ही दोघे भागीदार सेंट्रिफ्यूज आणि मायक्रोस्कोप दुरुस्त करत होतो. सॉर्टर फक्त वाचनातून माहीत होता. रंग लावलेल्या पेशी बारीक धारेतून एकेक करून लेझरसमोरून जातात, प्रत्येकीचा उजेड मोजला जातो, खाली धार थेंबांत तुटते आणि हव्या त्या पेशीचा थेंब विद्युतभार देऊन बाजूला वळवला जातो. थेंबांची ही युक्ती मॅक फुलवायलरने १९६५ साली पेशींसाठी वापरली. १९७२ साली स्टॅनफर्डच्या हर्झेनबर्ग गटाने सॉर्टरवर आर्गॉन लेझर लावला. तेव्हापासून ४८८ नॅनोमीटरची ती निळी रेघ या क्षेत्रात ठाण मांडून आहे, कारण फ्लुओरेसीन हा पेशींना लावायचा रंग तिच्यावर छान चमकतो.

जुना लेझर २०० मिलिवॉटवर चालायचा, नवा २० मिलिवॉटचा. दहापट फरक आम्ही धरून चाललो होतो. नवा लेझर जुन्याच्या जागी बसवला, बीम धारेवर आणला, बीड्स (चाचणीसाठीचे चमकणारे बारीक मणी) सोडल्या, आणि पडद्यावर फिकट बीड्सचं शिखर गोंगाटात बुडालेलं. दहापटीने हे होणार नाही, एवढं कळत होतं. उत्तर वहीत गणित मांडल्यावर सापडलं. जुन्या बीमची जाडी १.३ मिलिमीटर, नव्याची ०.६५. बारीक बीम त्याच लेन्समधून गेला की ठिपका लहान होत नाही, मोठा होतो. आमच्या १५० मिलिमीटरच्या लेन्सने जुना ठिपका सुमारे ७२ मायक्रॉनचा पडायचा, नवा १४३ चा पडत होता. म्हणजे दहापट कमी उजेड आणि तोही चौपट जागेत पसरलेला. पेशी जेमतेम १० मायक्रॉनची. तिच्या वाट्याला चाळीसपट कमी उजेड येत होता.

मग आधी बीम रुंद करणारा बीम एक्स्पांडर लावला आणि साध्या लेन्सऐवजी एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन दंडगोल लेन्स. ठिपका चपटा झाला, धारेच्या दिशेने २० मायक्रॉन आणि आडवा ६०. आडवा रुंद यासाठी, की पेशी धारेत थोडी डावी-उजवी सरकली तरी उजेड सारखाच मिळावा. उरलेला फरक सव्वादोन-अडीचपटीचा. फिकट बीड्सचं शिखर गोंगाटातून वर आलं, तेव्हा मॅडम स्टूल ओढून पडद्यासमोर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मात्र ठिपका चपटा केला की पेशी त्यातून तीनेक मायक्रोसेकंदांतच पार होते. जुनं इलेक्ट्रॉनिक्स एवढी छोटी लहर नीट पकडतं का, हे आधी तपासावंच लागतं.

दुसऱ्या एका कामात बीमची उंची जुळेना, म्हणून आम्ही लेझर कुशीवर बसवला. फ्लुओरेसन्स (रंगाची चमक) उत्तम आला, पण साइड स्कॅटर, म्हणजे पेशीवरून बाजूला विखुरणारा उजेड, पार पडलेला. लिम्फोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे आलेखातले ढग एकमेकांत मिसळलेले. दोन दिवस आम्ही डिटेक्टरवर संशय घेत होतो. दोष आमच्या ब्रॅकेटचा होता. लेझर कुशीवर वळवला की त्याचं पोलरायझेशनही (प्रकाशलहर हलण्याची दिशा) वळतं, आणि प्रकाशलहर ज्या दिशेने हलते त्या दिशेला विखुरलेला उजेड फार कमी जातो. आमचा डिटेक्टर नेमका तिथे होता. ही दिशा वळवणारी अर्धतरंग पट्टी घातली, ती ४५ अंश फिरवली, आणि ढग वेगळे झाले. तेव्हापासून ही दिशा तपासायचा पोलरायझर खिशात असल्याशिवाय आम्ही कामाला निघत नाही.

पंख्याचं दुखणं चिवट. पंखा लेझरच्या डोक्यावर बसवला तर त्याची थरथर बीममध्ये उतरते आणि शिखराचा पायथा पसरतो. आम्ही पंखा भिंतीवर नेतो, मध्ये लवचीक डक्ट देतो आणि गरम हवा खोलीबाहेर सोडतो. ती आतच राहिली तर खोली तापते आणि थेंब तुटण्याची जागा सरकते. लेझर बंद केल्यावर पंखा काही मिनिटं चालू राहिलाच पाहिजे, हे बटणाशेजारी आम्ही ठळक लिहून येतो.

आता बहुतेक कामं सॉलिड-स्टेट लेझरची. तळहाताएवढा डबा, प्लाझ्मा ट्यूब नाही. खाली सपाट धातूची पाटी आणि हीट-सिंक नीट हवी, एवढंच. तरी लेझर बसवण्याआधी आणि नंतर त्याच बीड्स, डिटेक्टरच्या त्याच व्होल्टेजवर मोजून दोन्ही आलेख ग्राहकाच्या हातात देण्याची पद्धत आम्ही सोडलेली नाही. फरक वाईट आला तर तोही आलेखात दिसतो.

मागे एका गटाला होएक्स्ट या डीएनएला चिकटणाऱ्या रंगावर साइड पॉप्युलेशन, म्हणजे हा रंग बाहेर टाकून फिकट राहणाऱ्या पेशींचा छोटा गट, वेगळी करायची होती. त्यांच्या पाण्यावरच्या लेझरच्या अतिनील रेघा त्यासाठीच वापरात होत्या. हवेवरचा छोटा आर्गॉन त्या रेघा देत नाही. ४०५ नॅनोमीटरच्या व्हायोलेट लेझरवर डीएपीआय हा तसलाच दुसरा रंग चालतो, पण आलेखात बारीक शेपटीसारख्या दिसणाऱ्या साइड पॉप्युलेशनसाठी हा लेझर आम्ही सुचवला नसता. काम हातचं गेलं तरी चालेल असं ठरवून आम्ही त्यांना जुनाच लेझर ठेवायला सांगितलं. त्याच्या नळ्यांचे जोड मात्र दर सहा महिन्यांनी आम्हीच जाऊन तपासतो.