समीकरणावरून विवृत्त: टोकांच्या वळणाचे काम

मागच्या नोंदीपर्यंत केंद्र आरंभबिंदूवर असलेली विवृत्ते (लंबवर्तुळे) झाली होती, म्हणून या वेळी केंद्र सरकलेले ४क्ष² + ९य² − १६क्ष + १८य − ११ = ० हे समीकरण घेतले. दोन्ही चलांचे वर्ग पूर्ण केल्यावर उजवीकडे ३६ येतात आणि त्यांनी भागले की (क्ष − २)²/९ + (य + १)²/४ = १ हे प्रमाणित रूप मिळते. केंद्र (२, −१), अर्धबृहदक्ष (लांब अक्षाचा अर्धा भाग) ३ आणि अर्धलघुअक्ष (आखूड अक्षाचा अर्धा भाग) २. एका एककाला २ सेंटिमीटर हे प्रमाण धरले.

खरे काम यानंतरचे आहे. चार शिरोबिंदू, म्हणजे दोन्ही अक्षांची टोके, जोडून हाताने रेषा ओढली, तर डावे-उजवे टोक बदामासारखे निमुळते होते. ३०-३० अंशांच्या कोनांनी बिंदू काढले तरी शिरोबिंदू आणि त्याच्या शेजारचा बिंदू यांत २ सेंटिमीटरहून अधिक जागा मोकळी राहते, आणि वळण सर्वांत तीव्र असते ते नेमके तेथेच. यावर मला पसंत पडलेली रचना अशी: विवृत्ताभोवतीच्या आयताचा (५, १) हा कोपरा घ्यावा, (५, −१) आणि (२, १) हे शिरोबिंदू जोडावेत आणि त्या रेषेवर कोपऱ्यातून गुण्याने लंब टाकावा. हा लंब बृहदक्षाला जेथे छेदतो ते उजव्या टोकाचे वक्रताकेंद्र (तेथील वळणाशी जुळणाऱ्या वर्तुळाचे केंद्र), आणि लघुअक्षाची रेषा खाली वाढवल्यावर तिला जेथे छेदतो ते वरच्या शिरोबिंदूचे. कागदावर त्रिज्या अनुक्रमे २.६७ आणि ९ सेंटिमीटर येतात. आपल्या बेळगावच्या पावसाळी दमट हवेत आलेख कागद नरम पडतो आणि कंपासचे टोक भोक मोठे करते, त्यामुळे ९ सेंटिमीटरच्या कंसासाठी कागदाखाली पुठ्ठा ठेवलेला बरा. खानापूरच्या सोबत्यांना हे वेगळे सांगायला नको.

लहान वर्तुळ विवृत्ताच्या आत आणि मोठे बाहेर राहते, म्हणून कंस शिरोबिंदूजवळ थोडेसेच गिरवावेत. मधली जागा नाभिलंबाचे, म्हणजे नाभीतून बृहदक्षाला लंब काढलेल्या जीवेचे, बिंदू सांधतात. लघुअक्षाच्या टोकावर कंपास ठेवून ६ सेंटिमीटरने बृहदक्ष छेदला की नाभी, म्हणजे ज्यांपासूनच्या अंतरांची बेरीज वक्रावर सर्वत्र सारखी असते ते दोन बिंदू, मिळतात. त्यांच्या वर-खाली पुन्हा तेच २.६७ सेंटिमीटर घ्यायचे, कारण अर्धा नाभिलंब आणि टोकाची वक्रतात्रिज्या या दोन्ही अर्धलघुअक्षाच्या वर्गाला अर्धबृहदक्षाने भागून येतात. ही सोय मला फार आवडली. तपासणीसाठी वक्रावरील कोणत्याही बिंदूची दोन्ही नाभींपासूनची अंतरे मोजावीत. बेरीज १२ सेंटिमीटर आलीच पाहिजे.

पुढे बुधाची कक्षा घेणार आहे. तिची उत्केंद्रता (केंद्र ते नाभी हे अंतर भागिले अर्धबृहदक्ष) ०.२०६ असल्याने ६ सेंटिमीटरच्या अर्धबृहदक्षाला अर्धलघुअक्ष सुमारे ५.८७ येतो, म्हणजे चपटेपणा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा, पण नाभीवर असलेला सूर्य मात्र केंद्रापासून १.२ सेंटिमीटर बाजूला. त्यासाठी पेन्सिल बारीक टोकाची लागेल.