शाळा उघडली, एसटी बंद

कोरोनाकाळात बंद राहिल्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे आणि शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले. नंतरची सारी चर्चा अभ्यासक्रम किती बुडाला आणि मोबाइल कोणाकडे नव्हता याभोवती फिरली. ती रास्तच होती. मात्र तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला वर्गात रोज दिसणाऱ्या विषमतेचे मोठे कारण एसटीच्या आगारात उभे होते.

ऑक्टोबर सरता सरता एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि कामावर परतण्यासाठी उच्च न्यायालयाने दिलेली २२ एप्रिल २०२२ ही मुदत येईपर्यंत गाड्या काही पूर्ववत धावल्या नाहीत. (एसटी महामंडळाच्या राज्य शासनातील विलीनीकरणाची मागणी योग्य की अयोग्य, या वादात मला पडायचे नाही, आणि तुटपुंज्या पगारावर गाडी हाकणाऱ्या चालकाला दोष देण्याची इच्छा तर मुळीच नाही.)

खेड्यातील मुलींचे माध्यमिक शिक्षण आपण एसटीच्या भरवशावर सोडले आहे. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत. पण त्या चालवणार महामंडळच. मुलगे सायकलने किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येत. मुलीला काळीपिवळीतल्या दाटीवाटीत पाठवायला घरचे धजत नसत, आणि धजले तरी रोजचे जाण्यायेण्याचे भाडे मजुरीतून निघत नसे. त्यात दिवस कापूस वेचणीचे. घरी राहिलेली मुलगी आईबरोबर शेतात जाऊ लागे, आणि एकदा तिची मजुरी घरखर्चात धरली गेली की गाडी सुरू झाल्यावरही तिला शाळेत धाडणे घराला जड जाई. हजेरीपटावर मात्र ती केवळ गैरहजर असे. तिचे नाव पटावर असल्याने तिला शाळाबाह्य कोणी धरत नसे.

अंतराची ही अडचण कोणाला कळतच नव्हती असे म्हणवत नाही. मार्च २०२२ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी मंडळाने ‘शाळा तिथे केंद्र’ दिले, पंचाहत्तर टक्के अभ्यासक्रम ठेवला आणि लेखनासाठी वाढीव वेळही दिला. परीक्षेपुरते अंतर मिटवता आले. त्याआधीच्या चार महिन्यांच्या तासिकांसाठी तेवढी तत्परता दिसली नाही. शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षापर्यंतच असल्याने नववी-दहावीच्या मुलीला त्याचाही आधार नव्हता.

पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्याऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. त्यातही लहान मुलांना लांबून वाहनानेच आणावे लागणार. अशा शाळेची इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांविषयी ऐकण्याआधी मी एवढेच विचारीन की गाडी येणार नाही त्या दिवशी, त्या महिन्यात, पोरांना आणण्याची जबाबदारी कोणाची आणि त्यासाठीची तरतूद कोणत्या खात्यात आहे.