तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलसमोरची उठबस

आईबाबांच्या पायांत किती ताकद आहे, हे मोबाईलमधला एआय सांगतो का? हल्ली हा प्रश्न सारखा येतो. सांगतो, पण आधी खुर्ची बघा.

चाचणी साधीच आहे: 30 सेकंद उठबस, त्यात किती वेळा उठता येतं ते मोजायचं. खुर्ची बिनहातांची, सरळ पाठीची, सीट जमिनीपासून साधारण 43 सेंटीमीटरवर, मागे भिंतीला टेकवलेली. हातांची छातीवर फुली करायची, पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. हातांचा आधार घेतला की गुण शून्य. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यानुसार 70 ते 74 वयात पुरुषाचे 12 पेक्षा किंवा बाईचे 10 पेक्षा कमी झाले, तर पडण्याचा धोका जास्त. तक्ता तिकडच्या म्हाताऱ्यांवरून बेतलेला आहे, इकडे एकदोन आकड्यांवरून घाबरून जाऊ नका.

एआय यात काय करतो? व्हिडिओतल्या माणसाच्या सांध्यांवर खुणा मांडतो. गुगलच्या मीडियापाइप या सॉफ्टवेअरमध्ये अशा 33 खुणा असतात. खुबा, गुडघा आणि घोटा या तिघांवरून गुडघ्याचा कोन निघतो: बसल्यावर 90 अंशांच्या आसपास, ताठ उभं राहिल्यावर 180 च्या जवळ. ठरावीक कोन ओलांडला की एक उठणं धरलं जातं. गोची इथेच होते. संधिवातामुळे ज्यांचा गुडघा सरळच होत नाही, त्यांच्यासाठी 170 ची अट ठेवली तर दहा वेळा उठूनही ॲप शून्य दाखवेल. अट फार खाली आणली, तर अर्धवट उठणंही मोजलं जाईल. म्हणून पहिल्यांदा तोंडानेही मोजा आणि ॲपशी ताडून पाहा.

साडीत गुडघा दिसतच नाही. सॉफ्टवेअर अंदाजाने खूण ठेवतं आणि ती निऱ्यांवर डोलत राहते. अंगालगतची ट्रॅकपँट बरी. मोबाईल बरोब्बर बाजूला, अडीच-तीन मीटरवर, कमरेच्या उंचीला. तिरका ठेवला तर कोन चुकतो. पाठीमागे उजेडाची खिडकी नको. शेजारी सांभाळायला उभ्या असलेल्या माणसावरच खुणा उडी मारतात कधीकधी, पण म्हणून त्याला हटवू नका. व्हिडिओ बिघडला तरी चालेल.

एआयचा खरा उपयोग आकड्याच्या पलीकडे आहे. पहिल्या उठण्याला किती वेळ लागला आणि शेवटच्याला किती, हे स्टॉपवॉच सांगत नाही. महिन्याने त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा घ्या. शेवटची उठणी आणखी रेंगाळत असतील, तर एकूण आकडा तोच असला तरी फिजिओथेरपिस्टला व्हिडिओ दाखवा.

स्मार्ट घड्याळातल्या ‘फिटनेस’च्या आकड्याबाबत मात्र सावध. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठी दिली जाणारी, नाडी मंद ठेवणारी) गोळी चालू असेल, तर श्रम करूनही नाडी फारशी चढत नाही. घड्याळाला वाटतं, माणूस भलताच दमदार आहे. अशांनी चालताना नाडी बघण्यापेक्षा बोलून बघावं: गप्पा मारता येतायत पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग ठीक.