जिंजर मूळचा संस्कृतच ना?

शब्दांची मुळं शोधायचा मला नाद आहे हे कळलं, की हा प्रश्न हमखास येतो: "इंग्रजीतला 'जिंजर' मूळचा संस्कृतच ना?" पुन्हा विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

तो संस्कृतातून गेला, हे खरं. संस्कृतात आल्याला 'शृंगवेर' म्हणतात. रामायणातल्या गुहाचं शृंगवेरपूर आठवा, शब्द तोच. पालीत त्याचं 'सिंगिवेर' झालं, ग्रीकांत 'झिंगिबेरिस', लॅटिनमध्ये 'झिंगिबेर'. पुढे जुन्या फ्रेंचचा हात फिरला आणि इंग्रजीत 'जिंजर' उरलं.

पण 'मूळचा' म्हणालात की मी अडते. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे अंग, शिंगासारखं अंग असलेलं ते शृंगवेर, अशी फोड करतात. आल्याचा ताजा गड्डा हातात घेतला, त्याची वाकडी बोटं पाहिली, की ती पटतेही. मात्र आमच्या शेजारच्या केरळी काकू चहासाठी आलं ठेचताना त्याला 'इंजि' म्हणतात, आणि मल्याळममध्ये मूळ म्हणजे 'वेर्'. दोन्ही जोडून म्हणून पाहा! जुन्या द्राविडी रूपाच्या सुरुवातीला 'च'सारखा वर्ण होता. तमिळ-मल्याळममध्ये तो गळला, बाहेर गेलेल्या शब्दात 'स', 'श' होऊन टिकला. शिंग नंतर सुचलेलं आहे.

इंग्रजांनीही हेच केलं. 'जिंजरब्रेड'मध्ये मुळात ब्रेड नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये साखरेत मुरवलेल्या आल्याला 'जिंजर'च्याच घराण्यातला एक शब्द होता. त्याचं अनोळखी शेपूट इंग्रजी कानांना 'ब्रेड' वाटलं. आल्याच्या केकला ते नाव मिळालं ते त्यानंतर.

मला यातला सगळ्यात आवडता माणूस पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी. आलं म्हणजे मिऱ्याच्या झाडाचं मूळ, हा तेव्हाचा समज त्याने खोडला, भावही लिहून ठेवला, पौंडाला 6 दिनार. मात्र ते अरबस्तानात पिकतं, असं त्याने लिहिलं. माल तांबड्या समुद्राच्या वाटेने यायचा, त्याला तेवढंच दिसलं. खरा पत्ता त्याने लिहिलेल्या 'झिंगिबेरी' या नावातच होता.

काकूंना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी उलट विचारलं, "मग तुमचं 'आलं' कुठून आलं?"

ते संस्कृत 'आर्द्रक'मधून. आर्द्र म्हणजे ओलं. ओलं असेतो आलं, वाळलं की सुंठ.