गाउसची इंटिग्रलं: वर्गमुळाचं चिन्ह कुठलं घ्यायचं?

एका चलाचं गाउसचं इंटिग्रल मागेच हातावेगळं झालं: ई चा 'उणे क्ष वर्ग' घात, उणे अनंत ते अनंत, उत्तर पायचं वर्गमूळ. आता चलाच्या जागी म मितींचा सदिश आणि क्ष वर्गाच्या जागी 'सदिश × अ × सदिश'; अ हा वास्तव सममित मॅट्रिक्स, धन निश्चित (म्हणजे शून्येतर सदिशाला हा गुणाकार नेहमी धन). अक्ष फिरवून अ कर्णरूपात आणला की गुंतलेले चल सुटे होतात आणि दर आयगेनव्हॅल्यूमागे (कर्णावर उरलेल्या दर संख्येमागे) तेच जुनं इंटिग्रल उरतं. उत्तर: पायचा म/२ घात, भागिले अ च्या निश्चयकाचं (डिटरमिनंटचं, म्हणजे आयगेनव्हॅल्यूंच्या गुणाकाराचं) वर्गमूळ. घातांकात रेषीय पद असेल तर पूर्ण वर्ग करून घ्यायचा, बस.

सदिशच संमिश्र असेल आणि अ हर्मिशियन (कर्णाच्या दोन बाजूंची जोडीदार पदं एकमेकांची संयुग्मी), धन निश्चित, तर वर्गमूळच नाहीसं होतं: पायचा म घात भागिले निश्चयक. एक संमिश्र घटक म्हणजे दोन वास्तव चल, त्यामुळे प्रत्येक वर्गमूळ दोनदा येतं. इतकं देखणं उत्तर की शंकेला जागाच नाही.

खरी गंमत मधल्या प्रकारात आहे: सदिश वास्तव, पण अ संमिश्र सममित. वास्तव भाग धन निश्चित असला की पहिलंच सूत्र चालतं. प्रश्न एवढाच, दोन वर्गमुळांपैकी कुठलं?

तीन मिती घ्या, कर्णावर तिन्ही ठिकाणी १ + २आय (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ), बाकी शून्य. निश्चयक −११ − २आय. संगणकाला थेट वर्गमूळ विचारलं की ०.३०० − ३.३३०आय मिळतं. पण १ + २आय चं वर्गमूळ १.२७२ + ०.७८६आय, त्याचा घन −०.३०० + ३.३३०आय. चिन्ह नेमकं उलटं, आणि बरोबर आहे ते हे दुसरं! प्रत्येक आयगेनव्हॅल्यूचा कोन ६३.४°, तिघांचा मिळून १९०.३°. संगणक त्याला −१६९.७° समजतो आणि निम्मं करताना भलत्याच बाजूला जातो. म्हणून आधी एकेका आयगेनव्हॅल्यूचं धन वास्तव भागाचं मूळ काढायचं, गुणाकार नंतर. एक-दोन मितींत हा घोळ होत नाही, कारण प्रत्येक कोन ९०° च्या आत, दोघांची बेरीज १८०° च्या आत. दोन मितींवर तपासून सूत्र पक्कं मानणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

अ चा वास्तव भाग शून्यावर आणला, घातांकात निव्वळ आय उरला, की ती फ्रेनेलची इंटिग्रलं. संमिश्र प्रतलात इंटिग्रलची वाट ४५° ने वळवली की घातांकात आय असलेला प्रत्येक धन वर्ग उत्तराला +४५° फिरवतो, ऋण वर्ग −४५°. चार मितींत दोन धन, दोन ऋण (सहगुणक ±१) घेतले: कोन शून्य, उत्तर निव्वळ पायचा वर्ग.